मंडपातलं हवामान

मंडप फार सुरेख झाला होता, आणि पंचाईत तीच होती.

एस.टी.तून उतरून भीमराज ओव्हाळ महाळुंग्यापर्यंत पायी आला होता. एप्रिलचं ऊन, शर्ट पाठीला चिकटलेला, बगलेत फाइल. सुभद्राबाईंच्या घरामागच्या मोकळ्या जागेत पाय टाकला आणि त्याला एकदम गार वाटलं. गार वाटलं म्हणूनच त्यानं घाईनं वर पाहिलं. त्या जागेत गार वाटायचं काहीच कारण नव्हतं.

वर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड ताणलं होतं. चारी बाजूंना पाण्यात भिजवलेली गोणपाटं लोंबत होती. जमिनीवर नुकताच सडा पडला होता आणि त्यावर रांगोळी. या सगळ्याच्या बरोबर मध्ये, मोगऱ्याचा हार घालून, चार पायांवर एक पांढरी लाकडी पेटी उभी होती. झडपांची, आरपार वारा जाणारी. आत तापमापक. सरकारदरबारी ते हवामान केंद्र होतं. गाव त्याला हवेचं खुराडं म्हणायचं. उघड्यावर, झाडाझुडपांपासून लांब, आहे ती हवा सोसत उभं राहायचं, एवढंच त्या पेटीचं काम. ते तिनं वर्षानुवर्षं बिनतक्रार केलं होतं. आज गावानं तिला पहिल्यांदा सावलीत बसवलं होतं.

"कसाय मंडप, भाऊसाहेब?" सरपंच नानासाहेब कमरेवर हात ठेवून उभे होते. स्वतःच्या मुलीच्या लग्नात दिसले नसतील एवढे समाधानी.

"मंडप झकास आहे, नानासाहेब. पण हा पेटीवर कशाला घातला?"

"मंग कुठं घालायचा? सायब लोक काय बघाया येनार? खुराडंच ना? मंग सावली बी तिथंच पायजे. तुमीच म्हनला व्हता गेल्या हप्त्यात, सायबांच्या सावलीची चोख व्यवस्था करा."

म्हणाला होता खरा.

"वरचं कापड तेवढं काढता येईल का? पेटीवरचं. साहेबांवरचं राहू दे."

नानासाहेबांनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू त्यानं नवरदेवाचं धोतर मागितलं होतं. "चाकनचा मंडपवाला बांधून गेला पहाटं. आता एक सुतळी कापली तर सगळं कापाड सायबांच्या अंगावर. चालंल का?"

ते चालण्यासारखं नव्हतं. आणि तेवढ्यात दोन जिपांचे हॉर्न ऐकू आले.

*

भीमराजच्या नोकरीची गोष्ट सांगायची तर राज्यावरच्या संकटांची यादी द्यावी लागेल. बहात्तरच्या दुष्काळात तो दुष्काळ निवारण समन्वय कक्षात तात्पुरता लिपिक म्हणून लागला. दुष्काळ हटला, कक्ष मिटला. मग पुराचा कक्ष आला, पूर ओसरला. मग पिकांवरच्या किडीचा आला. ती कीड औषधाला दाद देत नव्हती तोवर बरं चाललं होतं. चांगला पाऊस झाला की सगळा मुलूख आनंदात असायचा आणि भीमराजच्या हातात नोटीस यायची. त्याच्या वडिलांनी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात तीन पाळ्यांत उभा जन्म काढला, पण 'कायम' होऊन काढला. पोरगा मात्र मॅट्रिक होऊन, टायपिंगची परीक्षा देऊन, चाळिशीला टेकला तरी तात्पुरताच.

आता एक्याऐंशी साली सरकारला शंका आली होती, की हवाच बदलत चालली आहे. जगात कुठेकुठे मोठ्या सभा झाल्या होत्या, दिल्लीला त्यांची कागदपत्रं आली होती, आणि दिल्लीनं ती खाली पाठवली होती. हवामानवाले हवेचा अभ्यास करत होते, शेतीवाले पिकांचा, पाटबंधारेवाले पाण्याचा, वनवाले झाडांचा. पण एकानं केलेलं दुसऱ्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची कुणाला हौसही नव्हती. म्हणून चौघांना एका सतरंजीवर बसवण्यासाठी हवामान-बदल संशोधन समन्वय समिती निघाली. तिचं कार्यालय पुण्यात कुणाच्या इमारतीत असावं यावर वर्षभर एकमत होईना. शेवटी ते चिंचवड स्टेशनजवळ एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर थाटलं. कारण ती जागा चारही खात्यांना सारखीच गैरसोयीची होती. समितीनं एकमतानं घेतलेला हा पहिला निर्णय. बराच काळ तो शेवटचाही होता.

या कार्यालयात, म्हणजे समितीच्या समन्वय कक्षात, दोन माणसं: समन्वय अधिकारी यशवंतराव गुप्ते आणि भीमराज. समिती दर सहा महिन्यांनी मुदतवाढीवर जगत होती. पण या खेपेला यशवंतरावांनी दार लोटून घेऊन सांगितलं होतं, "भीमराज, हवा खरंच बदलते आहे असं समितीनं मान्य केलं, तर कक्ष कायमचा होणार. कक्ष कायम झाला की तुम्हाला कायम करायचा प्रस्ताव तयारच आहे. वयाची अट शिथिल करायची टिप्पणी मी घातली आहे. पण हे शेवटचं हं. पुढल्या वर्षी वय बसणार नाही."

तेव्हा अख्ख्या जिल्ह्यात उन्हाळा वाढलेला असावा असं मनापासून वाटणारा भीमराज हा एकटाच माणूस होता. त्याची त्याला थोडी लाजही वाटायची.

भांडण महाळुंग्यावरून होतं. तिथल्या केंद्राचे आकडे सांगत होते, की गेले काही उन्हाळे आधीपेक्षा कडक चालले आहेत. शेतीवाल्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पाटबंधारेवाल्यांना विश्वास ठेवणं परवडत नव्हतं. तेव्हा दिल्लीचे सहसचिव म्हणाले, जागेवर जाऊन पाहू. आणि त्या पाहण्याची व्यवस्था करायला भीमराज गेल्या आठवड्यात गावात येऊन गेला होता.

*

जिपांतून मंडळी उतरली आणि मंडपात शिरताच प्रत्येकाच्या तोंडून "वा!" निघालं. शेवटचं "वा" सहसचिवांचं होतं, म्हणून ते सगळ्यांत लांबलं.

"अरे भाई, यहाँ तो बढिया ठंडक है," ते खुर्चीत रेलत म्हणाले. "कहाँ है आपकी गर्मी?"

यशवंतराव हसले. मग त्यांनी वर पाहिलं, पेटीकडे पाहिलं, भीमराजकडे पाहिलं, आणि हसू आवरलं.

सुभद्राबाई पेटीशेजारी उभ्या होत्या. नानासाहेबांच्या या थोरल्या भावजय. त्यांचे यजमान गावच्या शाळेत मास्तर होते. पेटी आली तेव्हा नोंदी घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुभद्राबाईंनी पेटीचं दार उघडलं, कारण कुणीतरी ते उघडायला हवं होतं. पुढे सरकारनंही त्यांचं नाव लावून घेतलं. तेव्हापासून आजवर त्यांचं काम पाहायला एकही माणूस आला नव्हता. आज दोन जिपा आल्या होत्या. बाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पेटीच्या पायांना हळदीकुंकू लावलं होतं.

त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला, पेटीचं दार उघडलं, वाकून पाहिलं आणि आकडा सांगितला. स्वतःच सांगितलेला आकडा ऐकून त्या जरा थबकल्या. पुन्हा वाकल्या. तोच होता. एप्रिलच्या दुपारचा नव्हे, दिवाळीनंतरच्या दुपारचा वाटावा असा.

"बघा!" शेतीवाले खुर्चीतून अर्धे उठले. "आम्ही काय म्हणत होतो? या बाई घरात बसून आकडे लिहीत असणार."

सुभद्राबाईंना वाक्य पूर्ण कळलं नाही, पण बोट आपल्याकडे आहे एवढं कळलं. त्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेब लिंबू सरबताच्या मागे होते.

हवामानाकडचे शास्त्रज्ञ सज्जन होते आणि त्यांना सगळं दिसत होतं. घसा खाकरून ते म्हणाले, "अहो, वर मंडप आहे, बाजूला ओली गोणपाटं आहेत. हे काढल्याशिवाय या नोंदीला काही अर्थ नाही."

"तो निकालो," सहसचिव म्हणाले.

आता मंडप कुणी काढायचा हा प्रश्न आला. शेतीवाले म्हणाले, पेटी हवामानवाल्यांच्या यादीतली आहे, मंडप कुणाच्याच नाही. पाटबंधारेवाले म्हणाले, जागा गावठाणातली दिसते, तेव्हा ग्रामविकासाला लिहावं लागेल, आणि ग्रामविकास समितीवर नाही. वनवाल्यांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं, त्यांनी बांबूला हात लावून विचारलं, "हे आणले कुठून? परवाना आहे?"

"परवाना कसला, सायेब?" नानासाहेब म्हणाले. "मंडपवाल्याचं बांबू हायेत. दर लगनाला हेच येत्यात. नवरी सासरी जाती, बांबू चाकनला जात्यात."

तेवढ्यात आमरस आला. चार खात्यांनी त्या दुपारी एकत्र येऊन जे पहिलं ठोस काम केलं ते आमरसाचं. दुसऱ्या वाढपानंतर मंडप काढायचा विषय कुणी काढला नाही. सहसचिव तर म्हणालेच, की अशा मंडपात हवा बदलली तरी माणसाला कळायची नाही.

*

यशवंतरावांनी भीमराजला घराच्या कोपऱ्याआड बोलावलं. हातात पान होतं, पण ते तोंडात घालायचं सुचत नव्हतं.

"भीमराज, आजची नोंद रद्द करायची असं ठरतंय. पण रद्द का, ते लिहावं लागेल. सहसचिव विचारणार. तुम्ही गेल्या आठवड्यात इथं आला होतात. यंत्रांवर आच्छादन घालू नका, असं बाईंना सांगितलं होतं की नाही?"

"नाही साहेब."

"नीट आठवा."

"आठवलं साहेब. सावलीची व्यवस्था करा, एवढंच म्हणालो होतो. पेटीवर कुणी मंडप घालेल असं डोक्यातच आलं नाही."

"अहो, मी प्रश्न विचारत नाहीये. मी उत्तर सांगतोय." यशवंतरावांनी आवाज उतरवला. वाईट माणूस नव्हता तो. पेन्शनीला चार वर्षं उरलेला माणूस होता. "तुम्ही सांगितलं होतं, बाईंनी ऐकलं नाही. निरीक्षकाचा हलगर्जीपणा. बाईंना काढतील, दुसरा माणूस नेमतील, आपण पुन्हा पाहणी करू, आकडा खरा येईल. समिती राहील, कक्ष राहील, तुमचा प्रस्ताव पुढल्या महिन्यात सही होऊन येईल."

"आणि नव्हतं सांगितलं म्हटलं तर?"

"तर चूक कक्षाची. आणि कक्षात माणसं दोन. मी आणि तुम्ही."

"हो साहेब."

"आणि मी राजपत्रित आहे."

"हो साहेब."

पान तोंडात गेलं. यशवंतराव निघून गेले.

भीमराज तिथंच उभा राहिला. सकाळी घरातून निघताना कस्तुरानं, त्याच्या बायकोनं, काही विचारलं नव्हतं. फक्त चांगल्या शर्टाला इस्त्री करून ठेवली होती. ती भोसरीला एका शेडमध्ये पॅकिंगला जायची. नवरा सरकारात आहे हे ती तिथं अभिमानानं सांगायची, आणि कशात आहे विचारलं की "हवामानात" म्हणायची. 'तात्पुरता' हा शब्द ती कधी उच्चारत नसे. वस्तीतल्या एखाद्याला सरकारी क्वार्टर मिळालं की त्या दिवशी मात्र ती भांडी जरा आपटून घासायची.

"भाऊ," मागून आवाज आला. सुभद्राबाई पदराला हात पुसत आल्या होत्या. "चुकलं का काय माझं?"

"का हो, वहिनी?"

"न्हाई, आकडा आसा कसा आला? तुमचं सायब माझ्याकडं बघून कायतरी बोललं. आवो, सावलीनं आसं व्हतंय व्हय? मास्तर म्हनायचं, पेटीला हात लावायचा न्हाई, तिच्याजवळ झाड येऊ द्यायचं न्हाई. मी कडुलिंब बी वाढू दिला न्हाई हितं. पर मंडपाचं काय म्हनलं नव्हतं वो ते. मंडप काय झाड हाय?"

"नाही."

"आन लोक येनार पैल्यांदा. उन्हात बसवू का त्यास्नी? तुमीच सांगा."

भीमराजला सांगण्यासारखं बरंच होतं. तो म्हणाला, "सरबत छान झालं होतं, वहिनी."

"तुमाला कुठं मिळालं? तुमी तर उभंच हायेत मगाधरनं."

*

मंडळी पुन्हा खुर्च्यांवर बसली. काहींचे डोळे जड झाले होते. सहसचिवांनी विचारलं, की यंत्रावर मंडप घातला गेला याला जबाबदार कोण? यशवंतराव उभे राहिले, "सर, आमचे लिपिक पूर्वतयारीसाठी येऊन गेले होते," असं म्हणाले आणि बसले. पुढचं वाक्य त्यांनी मोकळं ठेवलं. दार उघडं धरून बाजूला व्हावं तसं.

सगळ्यांनी भीमराजकडे पाहिलं. अशा सभांमध्ये आजवर त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पाहिलं तर ते पाण्याचा ग्लास रिकामा झाला म्हणून. सुभद्राबाई पेटीला टेकून उभ्या होत्या. पेटीला हात लावायचा नाही हे त्या विसरल्या होत्या.

"सर," भीमराज म्हणाला, "यंत्रांवर सावली येता कामा नये, हे मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सावलीची चोख व्यवस्था करा, एवढंच सांगितलं. त्यांनी ती चोख केली. निरीक्षक बाईंची चूक नाही."

गोणपाटांतून पाणी ठिबकत होतं.

"आगदी बरोबर!" नानासाहेबांनी मांडीवर थाप मारली. आपल्या बाजूनं बोलणारा माणूस त्यांना भारी आवडायचा. "मानूस खरं बोलतोय, सायेब! माज्यासमूर म्हनलं हे, आक्षी याच शब्दांत. चोख! मी साक्षीला हाय!"

नानासाहेबांनी एवढ्या प्रेमानं साक्ष दिली, की आता भीमराजला कुणी वाचवू शकत नव्हतं.

सहसचिवांनी मान डोलावली. समन्वय नीट झाला नाही, असं त्यांचं मत पडलं. आणि समन्वय नीट झाला नाही, याचा अर्थ समन्वय वाढवायला हवा. त्यावर मात्र चारही खाती लगेच एक झाली. कमी कामाची जास्त माणसं कुणालाच नकोशी नव्हती. दहा मिनिटांत ठराव झाला: आजची नोंद रद्द, महिन्याभरात फेरपाहणी, समितीला दोन वर्षांची मुदतवाढ, कक्षासाठी नव्यानं कायम स्वरूपाची दोन पदं. निरीक्षक बाईंचा उल्लेख नाही. आणि ज्याच्या हातून कसूर झाली त्या तात्पुरत्या कर्मचाऱ्याला महिनाअखेर कार्यमुक्त करावं.

ठराव लिहून घ्यायचं काम भीमराजचंच होतं. शेवटचं वाक्य त्यानं बाकीच्या वाक्यांसारखंच वळणदार अक्षरात घेतलं. 'कार्यमुक्त' शब्दापाशी सहसचिव जरा अडले, तर त्यानं तो पुरवला.

परतताना जिपांत नानासाहेबांनी प्रत्येकासाठी कांद्याचं एकेक पोतं चढवलं. चाकणला येऊन कांद्याशिवाय परत जायचं हे त्यांना सोसणारं नव्हतं. पोती चढली तेव्हा भीमराजची जागा गेली. "मी येतो एस.टी.नं," तो म्हणाला. ड्रायव्हर विलासला वाईट वाटलं, तो म्हणाला, "भाऊ, कांद्यावर बसता का?" पण समितीच्या वरच्या बाजूला बसण्याची भीमराजला सवय नव्हती.

*

घरी पोचला तेव्हा कस्तुरा भाकरी थापत होती. पाठमोरीच म्हणाली, "झालं?"

"समितीला दोन वर्षं मिळाली."

"आन तुमाला?"

"महिनाअखेर."

तव्यावरची भाकरी तिनं उलटली. मग त्यानं थोडक्यात सगळं सांगितलं. मंडप, पेटी, बाई, नानासाहेब. ती ऐकत राहिली. एकदा मंडपाला हसली. न राहवून हसली आणि मग रागानं तोंड मिटलं.

"सावली करा म्हनून कुनी सांगितलं व्हतं?"

"मी."

"त्या बाईनं दुसरं काय करायला पायजे व्हतं?"

"काही नाही."

"मंग झालं तर," कस्तुरा म्हणाली, आणि भाकरी त्याच्या ताटात टाकली. ती जरा जोरात पडली. पण ताटातच पडली.

*

मे महिन्यात फेरपाहणी झाली. त्या दिवशी सकाळी भीमराज नाशिक फाट्याला बसच्या थांब्यावर उभा होता. भोसरीत एका वर्कशॉपला टाइमकीपर हवा होता. मेहुण्यानं, साहेबरावानं, शब्द टाकला होता. तात्पुरतंच होतं, पण मालकानं हे आधीच तोंडावर सांगितलं होतं. सरकारपेक्षा ते बरं होतं.

चिंचवडकडून दोन जिपा आल्या आणि चाकणच्या दिशेनं वळल्या. पुढच्या जिपेत यशवंतराव, मागच्या बाकावर मांडीवर फाइल घेतलेला नवा लिपिक. कायम असणार, मान तशी ताठ होती. विलासनं हॉर्न वाजवला. भीमराजनं हात वर केला. यशवंतरावांनीही अर्धा हात उचलला आणि त्याच हातानं चष्मा सारखा केला. जिपा गेल्या. त्या दुपारी उघड्यावर, हाराशिवाय उभ्या असलेल्या पेटीत आकडा किती आला, ते भीमराजला कुणी कळवलं नाही. कळवण्याचं कारणही नव्हतं.

थांब्याला छप्पर नव्हतं. ऊन आताच भाजू लागलं होतं. विजेच्या खांबाची एक लांब, अरुंद सावली जमिनीवर पडली होती, आणि बसची वाट पाहणारी माणसं त्या सावलीत एकामागे एक उभी होती: डबा घेतलेले दोन कामगार, पाटीवाली एक म्हातारी, कडेवर पोर घेतलेली एक बाई, आणि शेवटी, सावली जिथं संपत होती तिथं, भीमराज. बस येत नव्हती. सावली हळूहळू सरकत होती, तशी सगळी रांगही सरकत होती. कुणी कुणाला सांगत नव्हतं. पुढचा हलला की मागचा हलायचा, म्हातारीला पाटी उचलायला वेळ लागला तर सगळे थांबायचे, आणि मग पुन्हा अर्धं पाऊल.

भीमराजही सरकला.